आत्याचं झालं, पण व्हायचंय

आमच्या घरी टीव्हीखालच्या शोकेसमध्ये एक जाडजूड मरून रंगाचं पुस्तक आहे. त्याच्या डावीकडे बाबांना नोकरीची पंचवीस वर्षं झाली म्हणून मिळालेलं घड्याळ, उजवीकडे पहिलीत मला लिंबू-चमच्यात मिळालेला कप. पुस्तकावर सोनेरी अक्षरांत माझ्या आत्याचं नाव आहे, नीला सबनीस. आमच्या घरात ते कोणीही वाचलेलं नाही. पण पाहुणे आले की बाबा ते बाहेर काढतात, त्यांच्या हातात देतात, पाहुणे वजन बघतात आणि म्हणतात, "बाप रे."

"निलूचा थिसिस," असं म्हणून बाबा ते परत ठेवतात आणि काच सरकवतात.

चार वर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग आमच्या मराठी मंडळानं गुणगौरव समारंभ ठेवला, मला निवेदन करायला सांगितलं आणि सगळं बिघडलं. दोष माझा नाही. मी फक्त परिचय लिहायला घेतला होता.

मी सुखदा. अकरावीत आहे, नोएडा सेक्टर ६२ मध्ये राहते. गेल्या नोव्हेंबरपर्यंत मी वर्गात इतकी गप्प असायचे की मॅडमनी मला दोनदा हजर असताना गैरहजर लावलं होतं, आणि मी ते सांगितलंही नव्हतं. मग असेंब्लीत अँकरिंग करणाऱ्या मुलीला चिकनपॉक्स झाला आणि माइकच्या सगळ्यात जवळ मी उभी होते. मी आठशे मुलांसमोर "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि आठशे मुलांनी ते परत म्हटलं. असं काही असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, यार. त्यानंतर मी थांबलेली नाही. आई म्हणते, आधीची सुखदा परत मिळेल का, निदान रविवारी तरी.

मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव काका. रेल्वेतून रिटायर झालेत, पण अजून सगळं वेळापत्रकावर चालवतात. त्यांनी मला सत्कारमूर्तींची यादी दिली. दहावीचे सात, बारावीचे पाच, आणि शेवटी एक: डॉ. नीला पुरुषोत्तम सबनीस. आत्याचं नाव अर्थातच बाबांनी दिलं होतं.

"प्रत्येकाचा परिचय चार ओळींचा," काका म्हणाले. "नीलाताईंच्या सहा चालतील. पीएच.डी. आहे."

पाचवी ओळ लिहिताना माझ्या लक्षात आलं की आत्याला पीएच.डी. कधी मिळाली हे मला माहीत नाही.

बाबांना विचारलं. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "काम दोन हजार एकवीसमध्ये झालं. ऑर्डर निघायची आहे."

"चार वर्षं?"

"सेंट्रल युनिव्हर्सिटी आहे, सुखदा. आमच्या खात्यात एक शशिकांत म्हणून होते. त्यांचं प्रमोशन ते रिटायर झाल्यावर तीन वर्षांनी निघालं. काम होणं वेगळं, ऑर्डर निघणं वेगळं."

म्हणजे चार वर्षं दर दिवाळीला बाबा आत्याला विचारत होते, "डिग्रीचं काय?" आत्या म्हणत होती, "काम चालू आहे, दादा." आणि बाबा समजूतदारपणे मान हलवत होते. बिल्कुल नॉर्मल. दुसऱ्या कुठल्याही घरात एव्हाना कोणाला तरी शंका आली असती.

"या वेळी ऑर्डर नाही आली तर मी आरटीआय टाकणार आहे," बाबा म्हणाले. "आणि तिला आता इकडे आणायचंय. काम संपून चार वर्षं झाली, त्या मुनिरक्याच्या खोलीत कशाला बसायचं? तुझ्या खोलीत दुसरा पलंग मावतो. मी मोजलंय."

माझ्या खोलीत मोठा आरसा आहे. त्याच्यासमोर मी भाषणं करते. तिथे दुसरा पलंग म्हणजे तिथे श्रोता. मला आत्या आवडते, पण ती प्रश्न विचारते.

म्हणून शनिवारी मी दिल्लीत मुनिरक्याला आत्याकडे गेले. मेट्रोत बोटॅनिकल गार्डनला लाइन बदलली, बाहेर पडून गल्लीत शिरले. त्या गल्ल्या अशा आहेत की समोरून स्कूटर आली तर कोणाच्या तरी घरात जावं लागतं. तिथल्या लोकांना त्याची सवय आहे, ते "नमस्ते" सुद्धा म्हणत नाहीत. आत्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, सात नंबर. एक पलंग, एक टेबल, चार बादल्या. खिडकीच्या गजाला दोरीनं एक वही बांधलेली. आत्या ज्या सेंट्रल युनिव्हर्सिटीत समाजशास्त्रात संशोधन करते, ती तिच्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मला वाटायचं ती खोलीत राहते आणि तिकडे संशोधन करते.

मी आत गेले तेव्हा खाली पाण्याची मोटर सुरू झाली. आत्यानं मला हातानं थांबवलं, घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. दहा मिनिटांनी खालून कोणीतरी ओरडलं, "भैया, मोटर बंद करो! टंकी भर गई!" आत्यानं परत लिहिलं. मग म्हणाली, "ये गं. चहा?"

मी तिला फोनवर निमंत्रणपत्रिका दाखवली. तिनं ती वाचली. मग "डॉ." मोठं करून वाचलं. मग ती एक बादली उलटी करून त्यावर बसली.

"हे कोणी केलं?"

"बाबांनी. आत्या, तू डॉक्टर आहेस ना?"

"नाही."

"पण थिसिस झाला ना? शोकेसमध्ये आहे."

"शोकेसमध्ये आहे ते डिझर्टेशन आहे. एम.फिल.चं. आमची बॅच जवळजवळ शेवटची, आता तो कोर्सच बंद झाला. थिसिस पीएच.डी.चा असतो. तो मी आत्ता लिहितेय."

"पण ते पण जाड आहे."

"कागद जाड घेतला होता."

मी वही काढली. सहा ओळी लिहायच्या होत्या आणि आता एकही बरोबर नव्हती. "फरक काय पण? मंडळाला कळेल असं सांग. म्हणजे प्री-बोर्ड आणि बोर्ड?"

"नाही. प्री-बोर्डाचे मार्क कुठे धरत नाहीत. डिझर्टेशनची खरी डिग्री मिळते."

"लर्निंग लायसन आणि पक्कं लायसन?"

"थोडं. पण पक्कं लायसन सगळ्यांना एकसारखंच मिळतं." आत्यानं चहाचं पातेलं चढवलं. "ऐक. डिझर्टेशनमध्ये मी काय केलं? मुनिरक्यासारख्या वस्त्यांमधल्या पाण्याबद्दल आधी लोकांनी काय काय लिहिलंय ते सगळं वाचलं. मग त्यातल्या एकाचं म्हणणं घेतलं आणि या एका गल्लीत दोन महिने तपासून पाहिलं. खरं निघालं. संपलं. म्हणजे मी दाखवलं की मला हे काम करता येतं."

"मग थिसिस?"

"थिसिसमध्ये ते नाही चालत. आधी कुणीच म्हटलं नाही असं काहीतरी मला म्हणावं लागतं. आणि मग बाहेरून परीक्षक येतात, समोर बसतात आणि म्हणतात, बाई, हे चूक आहे. आणि मला उभं राहून सांगावं लागतं की का नाही."

"आणि तू काय म्हणतेयस?"

आत्यानं गजाला बांधलेली वही दाखवली. अशा अजून एकवीस वह्या पलंगाखाली होत्या. "या बिल्डिंगमध्ये अठरा खोल्या आहेत आणि एक मोटर. कोणाला नियम लिहून दिलेले नाहीत. सगळ्यांना वाटतं की मोटर चालू करणारा महत्त्वाचा. मी तीन वर्षं रोज लिहितेय. चालू कोणीही करतं. जो बंद करतो ना, त्याला बिल्डिंग घाबरते."

मी ते लिहून घेतलं. मला ते मस्त वाटलं, पण यात डॉक्टर होण्यासारखं काय आहे हे कळलं नाही. तसं मी बोलले नाही. हा माझा त्या दिवसातला एकमेव गप्प क्षण.

"मग तू बाबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते." आत्या चहाकडे बघत राहिली. "ते पुस्तक घेऊन मी घरी आले आणि म्हटलं, दादा, झालं. मला म्हणायचं होतं डिझर्टेशन झालं. दादानं ते हातात घेतलं आणि त्याला बोलताच येईना. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मग तो खाली गेला आणि दोन किलो पेढे घेऊन आला. तुमच्या अख्ख्या टॉवरमध्ये वाटले. लिफ्टमनला दोनदा दिले. मी वाट बघत होते की वाटून झालं की सांगते. वाटून झालं, मग तो ऑफिसमध्ये घेऊन गेला."

मला लिफ्टमनचं आठवत होतं. पण का ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. घरमालकीण सरला आंटी. हातात कागद, लांब धरलेला, जसा काही गरम आहे.

"बेटा, तेरे भाई ने ये कोर्ट का कागज क्यूँ भेजा है? हमने क्या बिगाड़ा?"

कागद कोर्टाचा नव्हता, बाबांचा होता. वर नंबर आणि तारीख, मध्ये विषय: "कमरा सं. ७ रिक्त करने के संबंध में". खाली: "उपर्युक्त विषय के संदर्भ में सूचित किया जाता है कि शोध कार्य पूर्ण हो जाने के फलस्वरूप उक्त कमरा दिनांक ३१ जुलाई को रिक्त कर दिया जाएगा." आणि सही. प्रतिलिपी आईला.

आत्यानं तो दोनदा वाचला.

"आंटी, मैं कहीं नहीं जा रही."

"बेटा, कागज तो भैया के नाम का है. कमरा उन्होंने लिया, पुलिस वेरिफिकेशन उनका, नोटिस उनका. वो लिख के मना करें तो ठीक, नहीं तो सोमवार को दो लड़के आ रहे हैं, कोचिंग वाले, उनको हाँ बोल दूँगी. मैं भी क्या करूँ." असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि गेल्या. चहा चांगला झाला होता असंही म्हणाल्या.

आत्या परत बादलीवर बसली. "खोली गेली तर मोटर गेली," ती म्हणाली. "या बिल्डिंगचं चौथं वर्ष अर्धवट राहील. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. दुसरी बिल्डिंग घेतली तर पहिल्यापासून."

"मग बाबांना आत्ता फोन कर. साधी गोष्ट आहे."

मला त्या वेळी सगळ्याच गोष्टी साध्या वाटत होत्या. आत्यानं फोन लावला, स्पीकरवर. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला डॉक्टरसाहेब!"

आत्यानं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होते. नोव्हेंबरच्या आधी माझा चेहरा कसा दिसत असेल ते मला पहिल्यांदा दिसलं.

"दादा," ती म्हणाली, "उद्या साडी नेसू की कुर्ता चालेल?"

"साडी! शाल द्यायची आहे, कुर्त्यावर काय शोभा येणार? आणि हे बघ, मी खास बघून आणली आहे शाल. करोल बागला गेलो होतो. बरं, ठेवतो, गुलाबराव आलेत."

फोन बंद झाला. खाली मोटर सुरू झाली. आत्या उठली आणि वेळ लिहून ठेवली.

"मी सांगू?" मी विचारलं. "परिचय मलाच वाचायचा आहे. खरं तेच लिहिते."

तिनं वहीतून मान वर केली नाही. "तुला हल्ली बोलायला आवडतं ना," ती म्हणाली.

मी ती परवानगी समजले.

रविवारी अकरा वाजता आमच्या सोसायटीचा कम्युनिटी हॉल भरलेला होता. गुलाबराव काकांनी अकरा वाजून शून्य मिनिटांनी दीप लावला. पहिल्या रांगेत बाबा, हातात फोन, व्हिडिओ आधीपासूनच चालू. शेजारी आई. आत्या स्टेजवर, जांभळ्या साडीत, सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर. टेबलावर तेरा नारळ, तेरा गुलाब आणि एक शाल. शाल फक्त पीएच.डी.ला. दहावी-बारावीला नुसता नारळ. मंडळाचा तसा नियम आहे, रजिस्टरमध्ये लिहिलेला.

मुलांचे सत्कार झाले. शेवटचा मुलगा नारळ घेऊन खाली गेला. गुलाबराव काकांनी शालीची घडी उलगडायला घेतली. मी माइकपाशी आले.

"नीला सबनीस या माझ्या आत्या," मी वाचलं. "त्यांनी समाजशास्त्रात एम.फिल. केलं आहे. त्यासाठी त्यांनी जे लिहिलं त्याला डिझर्टेशन म्हणतात आणि ते आमच्या शोकेसमध्ये आहे. पीएच.डी.साठी जे लिहितात त्याला थिसिस म्हणतात. तो त्या सध्या लिहीत आहेत. म्हणून पत्रिकेवर छापलं आहे तशा त्या अजून डॉक्टर नाहीत. धन्यवाद."

सहा ओळींत बसलं होतं. बरोबर सहा. मला खूप बरं वाटलं. असेंब्लीत यानंतर टाळ्या येतात.

इथे एसीचा आवाज आला. गुलाबराव काका अर्धी उघडलेली शाल हातात धरून उभे राहिले, जसं कोणी बेडशीट घालायला मदत मागतंय. बाबांचा फोन अजून वर होता, व्हिडिओ चालूच होता. पण आता तो छताचा येत होता.

तिसऱ्या रांगेतून चंद्रप्रभा काकू उठल्या. त्यांचा मुलगा शार्दूल अमेरिकेत शिकतो, हे आम्हा सगळ्यांना दर कार्यक्रमात एकदा कळतं. "एक मिनिट हं. आमच्या शार्दूलकडे हे उलटं आहे. तिकडे एम.एस.ला थिसिस लिहितात आणि पीएच.डी.ला डिझर्टेशन. त्यानं स्वतः सांगितलंय मला."

बाबांचा फोन खाली आला. "म्हणजे अमेरिकेच्या हिशेबानं निलू झालीच की डॉक्टर!"

"झालीच!" मागून कोणीतरी म्हणालं. हॉलमध्ये एकदम बरं वाटल्यासारखा आवाज झाला. गुलाबराव काकांनी शालीचं दुसरं टोक उचललं. सगळं सुटलं होतं. एक शब्द, "हो", आणि शाल, फोटो, जेवण. आणि सोमवारी कोचिंगची दोन मुलं.

आत्या उठली आणि माइकपाशी आली. मी बाजूला झाले. हे मी स्वतःहून केलं, याची नोंद व्हावी.

"नाही," आत्या म्हणाली. "शार्दूलचं बरोबर आहे. तिकडे नावं उलटी आहेत. पण नावं बदलून काम होत नाही. माझं छोटं काम झालंय. मोठं व्हायचंय."

गुलाबराव काकांनी शाल थांबवली. "मंडळाची नोंदणी गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातली आहे," ते म्हणाले. "अमेरिकेचा नियम आपल्याला लागू नाही. पण नीलाताई, मोठं काम म्हणजे काय, ते सभेला कळायला हवं. पत्रिका छापून गेल्यात."

मग आत्यानं मोटरचं सांगितलं. अठरा खोल्या, एक मोटर, बावीस वह्या. चालू करणारा नाही, बंद करणारा. तीन मिनिटांत सांगितलं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, बस, आता लोक जेवायला उठणार.

लोक उठले, पण जेवायला नाही.

"हे चूक आहे," बी टॉवरचे एक काका म्हणाले. "आमच्याकडे मोटर ऑटोमॅटिक आहे. चालू पण आपोआप, बंद पण आपोआप."

"सेन्सर बिघडला की?" आत्यानं विचारलं.

"तेव्हा गार्ड बंद करतो."

"दिवाळीला तुमच्या टॉवरमध्ये मिठाईचा सगळ्यात मोठा डबा कोणाला जातो? सेक्रेटरीला की त्या गार्डला?"

काका खाली बसले. त्यांची बायको जोरात हसली.

मग सगळेच सुरू झाले. कोणी म्हणालं, ही तर साधी अक्कल आहे, यात संशोधन कसलं. आत्या म्हणाली, मग आधी कोणी लिहिलेलं दाखवा. कोणी म्हणालं, एकाच बिल्डिंगवरून सगळ्या दिल्लीचं कसं सांगता. आत्या म्हणाली, सांगत नाहीये, म्हणून तर शेजारच्या दोन बिल्डिंगच्या वह्या पण आहेत. चंद्रप्रभा काकूंनी विचारलं, बंद करणारी बाई असेल तर? "ते चौथं प्रकरण आहे, काकू," ती म्हणाली, "आणि तेच अडलंय." तिच्या आवाजात काहीतरी होतं. ती हसत होती. ही तीच बाई होती जिनं काल फोनवर साडी की कुर्ता विचारलं होतं.

वीस मिनिटं झाली. जेवणाची वेळ साडेबाराची होती, ती गेली, आणि गुलाबराव काकांनी घड्याळ बघितलं नाही. मग पहिल्या रांगेतून बाबा उठले. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. म्हणजे मनानं ते आता ऑफिसमध्ये होते.

"किती दिवस लागतील?"

"चौदा महिने, दादा."

"लेखी देशील?"

"देईन."

"ती खोली लागेलच?"

"खोली गेली तर मोटर गेली."

बाबा एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "मग चार वर्षं मी लोकांना काय सांगत होतो, निलू?"

"तू पेढे आणलेस," आत्या म्हणाली. "मी कसं सांगणार होते?"

माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. वाढप्यांनी सुद्धा.

"मला सांगितलं असतंस तर मी परत मागितले असते का?" बाबा म्हणाले. "पेढे काय, पुढच्या वेळी पुन्हा आणले असते."

आईनं त्यांना खाली बसवलं.

गुलाबराव काकांनी रजिस्टर उघडलं, कमिटीचे दोन मेंबर जवळ बोलावले, कुजबूज झाली. मग ते माइकपाशी आले. "डिझर्टेशन या प्रकाराला मंडळाच्या रजिस्टरमध्ये वेगळा कॉलम नाही. तो आज सुरू करण्यात येत आहे. डिझर्टेशनला नारळ. थिसिसला शाल. सत्कारमूर्तींना आज नारळ देण्यात येईल. शाल व्हायवा झाल्यावर."

टाळ्या वाजल्या. खूप. माझ्या सहा ओळींना न मिळालेल्या सगळ्या. मला त्याचं काही नाही.

काकांनी शालीची पुन्हा घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, टाचण्या होत्या तिथेच लावल्या आणि पिशवीवर पेननं लिहिलं: नी. स., पुढील वर्ष. मग खोडून: त्यापुढील.

जेवणाच्या रांगेत बाबा आमच्या पुढे होते. ताट हातात न घेता ते खिडकीपाशी गेले, पत्रिकेची कोरी बाजू वर केली आणि उभ्या उभ्या लिहू लागले. विषय: "कमरा सं. ७ के संबंध में पूर्व प्रेषित पत्र निरस्त करने के बारे में". कारण: "शोध कार्य पूर्ण नहीं हुआ है." "नहीं" वर त्यांनी दोनदा पेन फिरवलं. सही, तारीख, फोटो काढला, सरला आंटींना पाठवला. प्रतिलिपी आत्याला. आंटींचं उत्तर लगेच आलं, एक अंगठा, आणि त्याखाली: "भैया, आगे से फोन कर लिया करो."

आत्या संध्याकाळी मुनिरक्याला परत गेली. नारळ घेऊनच गेली. माझ्या खोलीत दुसरा पलंग येणार नव्हता आणि आरसा पूर्ण माझा होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सत्काराचं निवेदन पुन्हा एकदा केलं, टाळ्यांसकट. पण मध्येच मला वाटलं की कोणीतरी बसून प्रश्न विचारले असते तर जास्त मजा आली असती. हे मी आईला सांगितलेलं नाही.

बाहेर आले तर शोकेसची काच उघडी होती. बाबा सोफ्यावर, मांडीवर ते मरून पुस्तक, हातात पेन्सिल. जसं ते फाइल वाचतात तसं, पहिल्या पानापासून. मला वाटलं, दहा मिनिटांत झोपतील. अर्ध्या तासानं त्यांनी आत्याला फोन लावला.

"निलू, पान चार, दुसरा परिच्छेद. तू इथे लिहिलंयस सतरा खोल्या. आज तू म्हणालीस अठरा."

पलीकडून आत्या काहीतरी बोलली.

"गच्चीवर नवीन बांधली होय? मग ठीक आहे. पण इथे दुरुस्त कर."

"दादा," आत्याचा आवाज मला इथपर्यंत आला, "त्यात आता काही बदलता येत नाही. ते झालं."

बाबांनी सतराच्या शेजारी पेन्सिलीनं अठरा लिहिलं.

"मग नव्यात नीट लिही," ते म्हणाले, आणि पान उलटलं.